क्षणापूर्वीची चव

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या उत्तर काठाला चोपडे आहे आणि त्याला खेटून आगरवाडा. पलीकडच्या तीरावर बार्देशातली शिवोली, खाली मोरजीपाशी नदीचं मुख. पावसाळा सरला की इथल्या मिठागरांचे बांध दुरुस्त होतात, भरतीचं पाणी आत घेतलं जातं आणि मे महिन्यापर्यंत ते एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात सरकत आटत राहतं. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. मिठाचा दाणा धरतो तेव्हा हे प्रमाण अडीचशे ग्रॅमच्या पुढे गेलेलं असतं. मिठागरांच्या आसपास खाजनातली भातशेती, तिला खाऱ्या पाण्यापासून राखणारे बांध आणि मानशी (पाणी अडवणारी दारं), नदीकाठाला खारफुटीचा काळा चिखल. थोडंसं चाललं तरी चार तऱ्हांचं पाणी लागतं.

या प्रत्येक पाण्यात डोळ्यांना न दिसणारे पोहणारे जीव आहेत. किनाऱ्यालगतच्या समुद्राच्या एका मिलिलिटरमध्येच जिवाणूंची संख्या दहा लाखांच्या घरात असते. त्यांतले बरेच पोहतात, आणि उगाच भरकटत नाहीत. अन्नाकडे सरकतात, अपायकारक पदार्थापासून दूर होतात, मानवेल तेवढाच प्राणवायू असलेल्या थरात थांबतात. नाक नाही, जीभ नाही, मज्जातंतू नाहीत. अख्खा जीव म्हणजे एकच पेशी. तरी हे त्यांना जमतं.

या वर्तनाला रसायन-अनुचलन म्हणतात. केमोटॅक्सिस हे नावही आता रुळलं आहे. गेल्या १४० वर्षांत त्यावर झालेल्या कामाचा आढावा घेताना माझं मत आधीच सांगतो. एका जिवाणूपुरतं हे कोडं इतक्या तपशिलात सुटलं आहे की जीवशास्त्रात त्याला तोड क्वचितच सापडेल. पण ते उत्तर प्रयोगशाळेतल्या निवांत पाण्याचं आहे. दिवसातून दोनदा चव बदलणाऱ्या शापोऱ्यासारख्या पाण्यात काय घडतं, हा प्रश्न अजून जवळजवळ कोराच आहे, आणि तो इथेच, अशा गावांच्या काठावर सोडवण्यासारखा आहे.

पोहणारे जिवाणू पहिल्यांदा पाहिले ते हॉलंडच्या लेवेनहूकनं, १६७६ च्या सुमारास. ते कशामागे जातात हे विचारायला मात्र आणखी दोन शतकं जावी लागली. १८८० च्या दशकात जर्मन शास्त्रज्ञ थिओडोर एंगेलमान यानं शेवाळाच्या एका धाग्यावर लोलकातून निघालेला रंगपट्टा पाडला आणि भोवतीच्या पाण्यात प्राणवायूप्रिय जिवाणू सोडले. लाल आणि निळा प्रकाश पडलेल्या जागी त्यांची गर्दी झाली, हिरव्या पट्ट्यात जवळपास कोणी फिरकलं नाही. शेवाळ प्राणवायू कुठे सोडतंय हे मोजायला त्यानं उपकरणाऐवजी जिवाणूच वापरले होते.

१८८४ साली विल्हेल्म फेफर यानं या विषयाला त्याचं हत्यार दिलं. पावसाळ्यात जांभ्या दगडाच्या भिंतींवर नेचे उगवतात ना, त्या वर्गातल्या वनस्पतींच्या नरपेशी पाण्याच्या पातळ थरातून पोहत स्त्रीबीजापर्यंत जातात. फेफरनं केसासारख्या बारीक काचनळीत मॅलिक आम्ल भरलं, म्हणजे कैरीला आंबटपणा देणाऱ्या आम्लांपैकी एक, आणि ती नळी नरपेशी असलेल्या पाण्यात टेकवली. नळीच्या तोंडातून आम्ल हळूहळू बाहेर झिरपलं आणि नरपेशी नळीत शिरल्या. पुढे त्यानं जिवाणूंवरही हीच युक्ती वापरली. काय भरलं म्हणजे किती जण आत येतात, एवढं मोजायचं. एवढ्या साध्या कल्पनेनं या शास्त्राचं पहिलं शतक निभावलं.

पण गर्दी झाली म्हणजे जीव तिकडे ओढ घेऊन गेले, असं समजणं घाईचं ठरतं. हे अमेरिकेच्या हर्बर्ट जेनिंग्ज यानं पॅरामिशियमवर दाखवलं. त्याचं या विषयावरचं पुस्तक १९०६ चं. हा प्रयोग कुठल्याही शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली जमतो. भाताचा पेंढा तळ्याच्या पाण्यात काही दिवस कुजत ठेवला की त्यात बहुधा पॅरामिशियम मिळतात: चपलेच्या तळव्यासारखा आकार, अंगभर हलणारे बारीक केस, सरळ रेषेत गिरक्या घेत जाण्याची चाल. काचपट्टीवर असा एक थेंब घ्यायचा आणि त्याच्या मधोमध अगदी पातळ केलेल्या आंबट द्रावणाचा ठिपका सोडायचा. काही वेळानं ठिपका पॅरामिशियमनी भरून जातो. नीट पाहिलं तर दिसतं की ठिपक्याकडे कोणीच वळलेलं नसतं. ते आपल्या चालीनं पोहत असताना योगायोगानं आत शिरतात, शिरताना काहीच वेगळं करत नाहीत. बाहेर पडायच्या सीमेवर आले की मात्र दचकतात, थोडे मागे सरतात, तोंड फिरवून दुसऱ्याच दिशेनं निघतात. पुन्हा सीमा, पुन्हा माघार. ठिपका त्यांचा सापळा होतो. दिशा न कळताही जागा सापडते, हे जेनिंग्जनं डोळ्यांसमोर मांडलं, आणि माझ्या मते या विषयातलं पुढचं सगळं मोठं काम त्याच्या या एका निरीक्षणातून वाढलं आहे.

पॅरामिशियम मागे सरतो तो कसा, हेही १९६० आणि ७० च्या दशकांत उलगडलं. पेशीच्या पटलावर विद्युतदाब असतो. टक्कर झाली किंवा नको ते रसायन लागलं की पटलातली दारं उघडून कॅल्शियम आत येतं आणि अंगावरच्या केसांचा फटकारा उलटा होतो. चिंग कुंग यांनी मागे जाताच न येणारे पॅरामिशियम शोधून काढले. बुद्धिबळातलं प्यादं मागे येत नाही म्हणून त्यांना नावही प्याद्याचंच दिलं. आपल्या मज्जापेशींत विजेचा जो खेळ चालतो त्याचाच हा जुना, एका पेशीतला नमुना.

जिवाणू त्याहून फार लहान. पॅरामिशियम मिलिमीटरच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढा, तर आपल्या आतड्यातला ई. कोलाय दोन मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा पाचशेवा हिस्सा. या आकाराला पाण्याचं वागणंच बदलतं. एडवर्ड पर्सेल या भौतिकशास्त्रज्ञानं १९७७ साली हिशेब मांडला की जिवाणूनं पोहणं थांबवलं तर तो हायड्रोजनच्या अणूच्या व्यासाइतकाही पुढे घसरत नाही. जागच्या जागी थांबतो. शिवाय पाण्याचे रेणू त्याला सतत ढकलत असतात, त्यामुळे सरळ जायचं ठरवलं तरी दहाएक सेकंदांत त्याचं तोंड भलतीकडे वळलेलं असतं. आणि डोक्यापासून शेपटीपर्यंतच्या दोन मायक्रॉनांत रसायनाच्या प्रमाणात पडणारा फरक इतका नगण्य की तो मोजणं त्याच्या आवाक्याबाहेरचं. मुंगी दोन मिशांनी डावं-उजवं ताडून पाहते. जिवाणूला ती सोय नाही.

मग तो काय करतो? विस्कॉन्सिन विद्यापीठातले ज्युलियस ॲडलर १९६० च्या दशकात फेफरची काचनळी घेऊन पुन्हा या प्रश्नाकडे वळले. या वेळी हाताशी जनुकशास्त्र होतं. १९६९ साली त्यांनी दाखवलं की गॅलॅक्टोज ही साखर पचवता न येणारे उत्परिवर्तित जिवाणूही तिच्याकडे जातात, आणि पचणाऱ्या काही पदार्थांकडे जिवाणू ढुंकूनही पाहत नाहीत. म्हणजे खाऊन मिळालेल्या शक्तीमुळे ते खेचले जात नव्हते; त्या रेणूची चव घेणारं वेगळं यंत्र त्यांच्यात होतं. पेशीच्या पृष्ठभागावरच्या ग्राही प्रथिनांचा शोध इथून सुरू झाला.

१९७२ हे या विषयातलं सोन्याचं वर्ष. हॉवर्ड बर्ग आणि डग्लस ब्राउन यांनी एकट्या जिवाणूचा पाठलाग करणारा सूक्ष्मदर्शक वापरला: जिवाणू जिकडे सरकेल तिकडे पाण्याचा कप्पा उलट सरकवायचा, म्हणजे तो कायम नजरेत राहतो. दिसलं ते असं. ई. कोलाय साधारण सेकंदभर सरळ धाव घेतो, मग सेकंदाच्या दहाव्या हिश्श्याएवढी गिरकी घेतो आणि कुठल्या तरी नव्या दिशेनं पुन्हा धावतो. धाव, गिरकी, धाव. अन्नाकडे जात असला तर धावा लांबतात. दूर जात असला तर त्या नेहमीइतक्याच राहतात. दिशा निवडली जातच नाही. चांगल्या दिशेला लागलेली धाव तेवढी थोडी जास्त टिकते, आणि एवढ्या पुंजीवर तो वर चढतो.

त्याच वर्षी रॉबर्ट मॅकनॅब आणि डॅनियल कोशलंड यांनी साल्मोनेलावर निर्णायक प्रयोग केला. जिवाणूंचं पाणी आणि अन्नाचं द्रावण त्यांनी क्षणार्धात एकत्र केलं, म्हणजे सगळीकडे प्रमाण एकसारखंच, चढ-उतार नाहीच. तरीही जिवाणूंनी गिरक्या थांबवल्या आणि सरळ पोहत सुटले, जणू ते चढावर होते. थोड्या वेळानं पूर्ववत झाले. जागेनुसार फरक नव्हताच. फरक होता तो आधीच्या आणि आताच्या क्षणांत. जिवाणू आताची चव क्षणापूर्वीच्या चवीशी ताडून पाहतो, हे त्यातून सिद्ध झालं. त्याला स्मृती आहे. पुढे १९८६ मध्ये सेगल, ब्लॉक आणि बर्ग यांनी ती मोजली: सरलेल्या एका सेकंदाची नोंद त्याआधीच्या साधारण तीन सेकंदांशी ताडली जाते. चारच सेकंद का, याचं उत्तरही सुरेख आहे. स्मृती याहून आखूड असती तर ग्राहींवर आदळणाऱ्या रेणूंची मोजणी फार डळमळीत झाली असती. दहा सेकंदांची असती तर तोवर पाण्यानं तोंड फिरवून टाकलेलं असतं आणि जुन्या नोंदीला अर्थ उरला नसता. गरजेइतकंच लक्षात ठेवायचं, बाकी सोडून द्यायचं.

आतली यंत्रणा थोडक्यात अशी. ई. कोलायच्या अंगावर नागमोडी कशाभिका, म्हणजे पोहण्याच्या दोऱ्या, असतात आणि प्रत्येकीच्या मुळाशी फिरणारं यंत्र. यंत्रच, कारण १९७३-७४ मध्ये बर्ग आणि अँडरसन, आणि मग सिल्वरमन आणि सायमन यांनी ती खरोखर गरागरा फिरते हे दाखवलं. कशाभिकेचं टोक काचेला चिकटवलं तर अख्खा जिवाणूच फिरू लागतो. ती सेकंदाला शंभराहून अधिक फेरे घेते. घड्याळाच्या उलट फिरली की सगळ्या कशाभिकांची एक वेणी होते आणि धाव लागते. घड्याळाच्या दिशेनं फिरली की वेणी सुटते, गिरकी होते. पेशीच्या टोकाशी हजारो ग्राही षटकोनी जाळीत दाटीनं बसलेले असतात. त्यांना चिकटलेलं 'ची-ए' नावाचं प्रथिन 'ची-वाय' या लहान प्रथिनाला फॉस्फेट देतं, ते यंत्राकडे जातं आणि म्हणतं: गिरकी घे. हवासा रेणू ग्राहीवर बसला की 'ची-ए' शांत होतं, निरोप कमी होतात, धाव लांबते. नकोसा रेणू आला की उलट. निरोप शिळा होऊ नये म्हणून 'ची-झेड' तो पुसत राहतं.

खरी कमाल पुढची. 'ची-आर' आणि 'ची-बी' ही दोन प्रथिनं ग्राहींवर मिथाइल गट चढवतात आणि उतरवतात. त्यामुळे रसायन वाढलं तरी काही सेकंदांत पेशी त्या नव्या पातळीला सरावते आणि गिरक्यांचं प्रमाण होतं तिथे परत येतं. भर उन्हातून माजघरात आल्यावर डोळे जसे अंधाराला सरावतात आणि मग कोपऱ्यातला हंडाही दिसू लागतो, तसंच. चढवलेले मिथाइल गट हीच जिवाणूची स्मृती. ही सरावण्याची क्रिया इतकी नेमकी कशी, हे १९९७ मध्ये बारकाई आणि लाइब्लर यांनी गणितानं सांगितलं आणि दोन वर्षांत प्रयोगानं ते खरं ठरलं: प्रथिनांचं प्रमाण बरंच कमी-जास्त झालं तरी परत येण्याचा बिंदू ढळत नाही. यामुळेच एकच जिवाणू रसायनाच्या हजारोपट वेगळ्या प्रमाणांतही बारीक फरक टिपू शकतो.

मराठी वाचकाला हे काम दूरदेशचंच वाटायचं कारण नाही. मुंबईच्या आयआयटीत रासायनिक अभियांत्रिकीच्या महेश तिरुमकुडुलू आणि के. व्ही. वेंकटेश यांच्या गटानं २०१० पासूनच्या काही वर्षांत ई. कोलायच्या पोहण्याचा बारकाईनं अभ्यास केला. पाठ्यपुस्तक सांगतं की रसायनामुळे गिरक्यांचं प्रमाण बदलतं, वेग तोच राहतो. या गटाला दिसलं की काही रसायनांच्या सान्निध्यात पोहण्याचा वेगही बदलतो आणि वाट सापडण्यात त्याचा वाटा असतो. मला हे काम महत्त्वाचं वाटतं, कारण सुटलेल्या समजल्या जाणाऱ्या गणितातही अजून आकडे मांडायचे उरलेत हे ते दाखवतं.

आता शापोऱ्याच्या पाण्याकडे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं २०१८ साली देशातल्या नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे जाहीर केले. त्यांत गोव्याचे ११ होते. शापोरा त्यात होती आणि डिचोलीची नदीही. प्रदूषण मोजताना मैलापाण्यातून आलेल्या आतड्यातल्या जिवाणूंची संख्या पाहिली जाते, म्हणजे ई. कोलाय आणि त्याचे सोयरे. तोच हा जीव, ज्याच्या चव घेण्याच्या यंत्रणेतला एकेक रेणू आपल्याला ठाऊक आहे. पण भरती चढताना खारेपणा पायरीपायरीनं वाढतो तेव्हा तो काय करतो? १९८९ मध्ये ची नावाचे संशोधक आणि ॲडलर यांनी दाखवलं की ई. कोलाय मंद खारेपणाकडे ओढला जातो आणि तीव्र खारेपणापासून दूर पळतो. हे झालं काचनळीत. खाडीत गोडं पाणी वर आणि खारं खाली असे थर असतात, तिथे या आवडी-निवडीनं तो कुठल्या थरात गोळा होतो, हे कळलं तर पाण्याचा नमुना कुठून घ्यावा हेही अधिक नेमकेपणानं ठरवता येईल. तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढणाऱ्यांच्या दृष्टीनं हा काही पुस्तकी प्रश्न नाही. तिसऱ्या पाणी गाळून खातात आणि पाण्यातलं जे असेल ते साठवतात.

खाडीचे मूळ रहिवासी वेगळे. व्हिब्रिओ कुळातले जिवाणू सोडियमच्या प्रवाहावर कशाभिका फिरवतात. मीठ त्यांना अडचण नव्हे, इंधन आहे. त्यांच्यातल्या व्हिब्रिओ अल्जिनोलिटिकसचं हे यंत्र सेकंदाला १,७०० फेऱ्यांपर्यंत गेल्याची नोंद १९९४ ची. कशाभिका एकच, त्यामुळे वेणी नाही आणि वेणी सुटून होणारी गिरकीही नाही. तो पुढे जातो, तसाच मागे येतो, आणि पुन्हा पुढे निघताना एक झटका देऊन काटकोनाच्या आसपास वळतो. हा झटका २०११ मध्ये ध्यानात आला. दोन वर्षांनी त्याचं कारण सापडलं: कशाभिकेच्या मुळाशी असलेला लवचीक सांधा दाबाखाली वाकतो. यंत्रातल्या कमकुवतपणाचाच सुकाणू केला आहे. कॉलऱ्याचा जिवाणू याच कुळातला; खाडीत तो बारीक कवचधारी जिवांच्या कायटिनवर वाढतो आणि त्या कायटिनच्या तुकड्यांकडे पोहत जातो.

समुद्रातल्या जिवाणूंना घाई असावी लागते. शैवालाच्या एका पेशीभोवती तिच्यातून झिरपलेल्या साखरेचं, अमिनो आम्लांचं, गंधकयुक्त डीएमएसपीचं एक अदृश्य वलय असतं. शैवाल मेलं-फुटलं की काही मिनिटांपुरता मेजवानीचा ठिपका तयार होतो आणि विरून जातो. २००८ मध्ये रोमन स्टॉकर आणि सहकाऱ्यांनी एका सागरी जिवाणूचा प्रतिसाद ई. कोलायच्या कितीतरी पट वेगवान असल्याचं दाखवलं. डीएमएसपी सूक्ष्मजीवांना खेचून घेतं हे २०१० मध्ये सिद्ध झालं. आणि हे रसायन आपल्या पाण्यात नवखं नाही: दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी झुवारीच्या खाडीत ऋतूंनुसार त्याचं प्रमाण मोजलेलं आहे. रसायनाचं मोजमाप आहे, जिवाणूंच्या हालचालीचं नाही. दोन्ही एकत्र आणायचं राहून गेलंय.

मिठागरातली गोष्ट मला सर्वांत अद्भुत वाटते. पाणी आटत जातं तसे समुद्रातले बहुतेक जीव मरतात आणि मुख्यतः दोन मंडळी उरतात. एक, ड्युनालिएला हे दोन शेपट्यांचं हिरवं शैवाल, जे ताणाखाली केशरी होतं. त्याचा एक भाऊबंद अमोनियमकडे पोहत जातो हे १९७८ मध्ये दिसलेलं आहे. दुसरे, हॅलोआर्किया. हे जिवाणूंसारखे दिसतात, पण जीवसृष्टीच्या वेगळ्याच शाखेचे. अंगात लाल रंगद्रव्य, आणि मीठ कमी झालं तर यांच्यातल्या पुष्कळांच्या पेशी फुटून जातात. त्यांचा नमुना म्हणून जगभर अभ्यासला गेलेला हॅलोबॅक्टेरियम सालिनारम संथपणे पोहतो, दहाएक सेकंदांनी सरळ उलटा फिरतो. त्याची पोहण्याची दोरी रचनेनं जिवाणूंच्या कशाभिकेसारखी नाहीच, तिचं मूळ वेगळं आहे. पण चव घेऊन निरोप पोचवणारी ची-प्रथिनांची साखळी मात्र तीच! फार पूर्वी कधी तरी ती जिवाणूंकडून या शाखेत गेली आणि दुसऱ्याच यंत्राला जोडली गेली.

तीव्र खाऱ्या पाण्यात प्राणवायू फारच थोडा विरघळतो. तो ओळखणारा या जिवाचा ग्राही मूळचे बांगलादेशचे मकसुदुल आलम यांच्या हवाईतल्या गटानं २००० साली शोधला. त्याची घडण आपल्या स्नायूंतल्या मायोग्लोबिनसारखी निघाली. प्राणवायू अपुरा पडला की हा जीव सूर्यप्रकाशावर ऊर्जा मिळवतो आणि तेव्हा नारिंगी उजेडाकडे जातो, अतिनील किरणांपासून दूर सरतो. प्रकाश ओळखणारी प्रथिनं त्याच ची-साखळीला जोडलेली आहेत. चव आणि नजर, दोन्हींचा निकाल एकाच चौकीवर.

गोव्यात या जिवांवर काम झालेलं आहे. गोवा विद्यापीठात आयरीन फुर्तादो यांनी मिठागरांतल्या हॅलोआर्कियांचा दीर्घकाळ अभ्यास केला. ज्युडिथ ब्रागांझा यांच्यासह २००९ मध्ये त्यांनी 'करंट सायन्स'मध्ये लिहिलं की किनाऱ्यावरच्या कमी खाऱ्या पाण्यात आणि गाळातही हे जीव सापडतात, जिथे त्यांनी तग धरू नये अशी आपली समजूत होती. सविता केरकर आणि लोका भारती यांनी २००७ मध्ये रायबंदरच्या मिठागरांत, मिठानं संपृक्त झालेल्या पाण्यातही, सल्फेट वापरणाऱ्या जिवाणूंचं काम चालू असल्याचं दाखवलं. हे कोण आहेत आणि काय खातात याचं संशोधन आहे. ते कसे हलतात, आटणाऱ्या पाण्यात रोज बदलणाऱ्या चवीला कसे सामोरे जातात, यावर इथे हात घालायला हवा.

चिखलाबद्दल थोडक्यात. सल्फेटवाल्या जिवाणूंना प्राणवायू मानवत नाही; चिखलाच्या वरच्या काही मिलिमीटरांत ते त्याला हेरून खाली-वर होतात. १९७५ मध्ये रिचर्ड ब्लेकमोर यांनी अंगात लोहचुंबकाचे कण बाळगणारे जिवाणू जगापुढे आणले. उत्तर गोलार्धात पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र तिरकं खाली जातं, त्या रेषेवर ते खाली-वर करतात आणि प्राणवायूच्या चवीनुसार कुठे थांबायचं ते ठरवतात. तीन दिशांचं शोधणं एका रेषेवर येतं. डिचोलीच्या खाणपट्ट्यात, जिथे लोहखनिजाची तांबडी माती पावसासोबत ओढ्यांत उतरते, तिथे आणखी एक जीव आठवावा: जिओबॅक्टर. न विरघळणारं लोहऑक्साइड वापरायची वेळ आली तरच तो कशाभिका तयार करतो आणि विरघळलेल्या लोहाच्या मागावर खनिजाच्या कणाकडे जातो, असं २००२ मध्ये आढळलं. खाणीच्या गाळानं भरलेल्या ओढ्यांत असे जीव काय करत असतील, हे पाहण्याजोगं आहे.

शेतीशीही याचा संबंध आहे. भात काढल्यावर पेडण्यात अळसांदे पेरतात. अळसांद्याच्या मुळांवर गाठी बांधणारे जिवाणू मुळांतून झिरपणाऱ्या रसायनांच्या वासावर येतात. त्यांच्याच वर्गातल्या रायझोबियमवर १९८१ मध्ये झालेल्या प्रयोगात पोहता न येणारे जिवाणू गाठी बांधण्याच्या शर्यतीत मागे पडले. पण यावरून जिवाणू शेतभर पोहत फिरतो असं कोणी समजू नये. मातीत पाण्याचा थर सलग असेल तितकंच पोहणं, आणि ते अंतर फार थोडं. म्हणून जिवाणूखत बियाण्यालाच चोळायला सांगतात. मूळ फुटेल तिथेच ते हजर असलं पाहिजे.

रोगांच्या अभ्यासात या विषयाला भाव आहे, आणि तो रास्त आहे. जठरातला हेलिकोबॅक्टर आम्लाची चव घेऊन श्लेष्माच्या थरात सुरक्षित खोली गाठतो. पोहण्याची किंवा चव घेण्याची क्षमता काढून घेतली तर त्याला जम बसवणं कठीण जातं. त्या क्षेत्राला पैसा आणि माणसं दोन्ही मिळतात, म्हणून इथे अधिक लिहीत नाही.

खाडीसाठी लागणारं साधन मात्र आता हाताशी आलं आहे. २०१७ मध्ये स्टॉकर, जस्टिन सेमूर आणि ज्याँ-बाप्तिस्त रैना यांच्या गटांनी तळहातावर मावेल असं एक पारदर्शक पान तयार केलं. त्यात बारीक कप्पे, प्रत्येक कप्प्याला मिलिमीटरहून लहान तोंड. कप्प्यांत वेगवेगळी रसायनं गाळलेल्या समुद्रजलात मिसळून भरायची, पान सरळ पाण्यात बुडवायचं, तासाभरानं काढून आत कोण आणि किती आले ते मोजायचं आणि त्यांची जनुकं वाचायची. फेफरचीच काचनळी, आता उघड्या समुद्रात. २०२२ मध्ये याच पद्धतीनं त्यांनी दाखवलं की वेगवेगळ्या शैवालांच्या अर्काकडे वेगवेगळे जिवाणू जातात. भोवतालचं समाजजीवन या चवींनी घडतं.

चोपडे-आगरवाड्यात हाच प्रयोग तीन जागी करायला हवा. नदीच्या पात्रात भरतीच्या सुरुवातीला आणि ओहोटीच्या सुरुवातीला, कारण तेव्हा खारेपणाच्या बदलाची दिशा उलटते. खारफुटीच्या काठाला, कुजणाऱ्या पानांचा अर्क कप्प्यांत भरून. आणि मिठागरात पाणी घेण्याच्या वाफ्यापासून दाणा धरण्याच्या वाफ्यापर्यंत प्रत्येक ठिकाणी, शेजारच्या वाफ्याचं गाळलेलं पाणी आमिष म्हणून वापरून. शेवटची फेरी जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर लगेच घ्यावी. वर गोड्या पाण्याचा थर आणि खाली जुनं खारट पाणी, असे ते दोनच दिवस असतात, आणि फुटून मरण्याआधी हॅलोआर्किया खाली उतरतात की नाही, हे त्याच वेळी मोजता येईल.